बाहेरून कुलूप असलेलं शहर

नांदेडला पाहुणा आला की काय दाखवायचं हा प्रश्न पडत नाही. गुरुद्वारा आहे, गोदावरीचा घाट आहे. स्टेशनवर उतरणाऱ्याला ते आधीच माहीत असतं. लातूरला शहर पाहायला कोणी येत नाही. भूकंपानंतर लोक आले ते पडलेली गावं पाहायला. लॉजमध्ये खोली मिळेना, जीपवाले स्टँडवर उभे राहून गावांची नावं ओरडत. काही वर्षांनी तीच लॉजं पुन्हा भरली, या वेळी मुलांच्या मार्कांसाठी क्लास शोधत आलेल्यांनी. दोन्ही वेळा मी इथं वार्ताहर होतो, आणि बाहेरून आलेल्यांना वाट दाखवणं हे माझ्या कामात धरलं जाई.

जूनच्या तोंडावर आमच्या दैनिकाची शिक्षण पुरवणी निघे. त्यात लातुरात नव्याने येणाऱ्यांसाठी एक पान असे. ते मी लिहायचो. गंजगोलाईच्या मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार, सोळा रस्ते येऊन मिळतात. आत शिरलात त्या कोपऱ्यावरचं दुकान लक्षात ठेवा, नाही तर भलतीकडे निघाल. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला किंवा निलंगा राइस खा. गादी, बादली, पाण्याचा मग गोलाईतच घ्या, ट्यूशन एरियात तीच बादली महाग पडते. शेवटी वसतिगृह कसं निवडावं याची चौकट. तिच्यात सुरक्षेच्या मथळ्याखाली एक ओळ होती: मुलींच्या वसतिगृहाला रात्री बाहेरून कुलूप लागतं, याची खात्री करून घ्या. मी ती लिहिली, उपसंपादकाने वाचली, वसतिगृहांच्या जाहिरातींना खेटून ती छापली गेली. कोणाला काही खटकलं नाही.

एका वर्षी पुरवणी निघाली त्याच आठवड्यात चाकूरकडच्या गावाहून माझी चुलतवहिनी मुलीला घेऊन आली. भाऊ पेरणीत अडकला होता. मुलीला दहावीला चांगले मार्क पडले होते, क्लासमध्ये नाव लागलं होतं, सोमवारी वर्ग सुरू होणार होता. फक्त खोली ठरायची होती. वहिनीने स्टँडवरच सांगून टाकलं, "भाऊजी, सांजच्या गाडीपर्यंत खोली मिळाली तर पोरगी ऱ्हाईल. न्हाई तर माझ्यासंगं माघारी."  मुलीने छातीशी धरलेली मार्कशीटची पिशवी आणखी घट्ट धरली.

पहिलं वसतिगृह चार मजल्यांचं. जिना एकच, तोही एका माणसापुरता. प्रत्येक खोलीत चार लोखंडी पलंग, खिडक्यांना गज. तळमजल्यावर सरकतं लोखंडी गेट आणि त्याला हाताच्या पंजाएवढं कुलूप. व्यवस्थापिका बाई हुशार होत्या. "नऊ वाजता कुलूप. सकाळी पाचला उघडतं. चिमणीसुद्धा बाहेर जात नाही ताई."

"किल्ली कुणाकडं ऱ्हाती?"

"मालकांकडे."

"मालक हितंच ऱ्हातेत?"

"नाही, औसा रोडला बंगला आहे त्यांचा."

वहिनी कुलूप हातात घेऊन उभी होती. "मंग जमीन हालली तर काय, फोन लावायचा का बंगल्यावर? साहेब, उठा, पोरी मरायल्यात म्हनून?"

बाई हसल्या. "अहो, आता कुठला भूकंप! तो होऊन गेला."

वहिनीचं माहेर भूकंपाच्या पट्ट्यातलं आहे, हे मला ठाऊक होतं. भूकंपाच्या आधी काही महिनेच तिचं लग्न झालं होतं, म्हणून ती सासरी होती आणि वाचली. याहून जास्त मी कधी विचारलं नव्हतं. भूकंपाच्या दिवसांत मी तिच्या माहेरच्या गावातून बातमी पाठवली होती. किती घरं पडली, कोणते मंत्री आले, किती ट्रक धान्य पोचलं. रस्त्यावर येऊन ती त्या बाईंना नव्हे, मला म्हणाली, "आमच्या घराचं दार आत उघडायचं. आतून दगडं पडली, दार हाललंच न्हाई. माझ्या भावाचा आवाज दुपारपस्तोर येत हुता म्हनं. लोकं भायेर हुती, भाऊजी. दाराच्या भायेर उभीच हुती."

 मग तिने पिशवीतून पुरवणीचं कात्रण काढलं. घडी घालून जपलेलं, चौकटीवर पेनाची खूण केलेली. "हे तुमीच लिवलंय न्हवं? पोरीच्या बापानं वाचून दाखवलं. मला वाटलं, पेपरातल्या लोकास्नी भूकंपाचं काय ठावं. पर तुमी तर तिकडं पडलेली गावं बगून आलात."

त्या दिवशी आणखी पाच वसतिगृहं पाहिली. बातमीदाराच्या सवयीने प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न विचारले. जिने किती? कुलूप आतून की बाहेरून? किल्ली कोणाकडे? जिना सगळीकडे एकच. कुलूप सगळीकडे बाहेरून. एके ठिकाणी किल्ली समोरच्या पानवाल्याकडे होती. एका मालकाने तर भिंतीवर चिकटवलेली माझीच चौकट दाखवली आणि म्हणाला, "पेपरातच आलंय की. पालकच मागतात. मी नाही लावलं तर माझ्याकडे पोरी कोण ठेवील?" तो खोटं बोलत नव्हता. आजूबाजूला उभ्या असलेल्या पालकांपैकी निम्मे तरी भूकंपाच्या गावांतले होते. औसा, निलंगा, उमरगा. त्यांच्या नव्या घरांत भूकंपाला टिकावं म्हणून सिमेंटचे पट्टे घातले होते, भिंतींची जाडी सरकारी माणसं मोजून गेली होती. आणि तेच पालक मुलींना गजांआड नीट कोंडलं जाईल ना, हे हात लावून तपासत होते. मुलगी पळून जाईल ही भीती, छत पडेल या भीतीच्या पुढे गेली होती. किती वर्षांत? मुलं दहावीला येईपर्यंत.

चार वाजले. मुलगी रडवेली झाली होती. "आई, सगळ्याजणी राहतेतच की. माझंच काय येगळं?"

"सगळ्यांच्या आईला इचार," वहिनी म्हणाली.

एक जागा मला सकाळपासून माहीत होती आणि मी तिथे गेलो नव्हतो. गोलाईच्या मागच्या गल्लीत एक शिंपी कुटुंब राहतं. तीन पिढ्या शिलाईचं काम. माझे शर्ट तिथेच शिवतात. त्यांची पुढची खोली रिकामी होती. तळमजला, एक दार गल्लीत, दुसरं बोळातून अंगणात. चाकूरच्या घरातली मुलगी मुसलमानाच्या घरात राहणार नाही, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. कोणाला विचारून? कोणालाच नाही. शहर दाखवणाऱ्याने एक गल्ली स्वतःच गाळून टाकली आणि त्यात दिवस घालवला. शेवटी दोघींना तिकडे घेऊन गेलो.

घरातल्या वयस्क बाई, सगळे त्यांना खाला म्हणतात, पाटावर बसून शर्टाची काजं करत होत्या. मी खोली विचारली. त्या वहिनीकडे पाहून म्हणाल्या, "कमरा है, बाई. पन नळाला चार दिसाआड पानी येतं. तुमची बेटी कुरकुर करेल."

"पान्याचं बगू. कुलूप कुठून लावतेत?"

"कुलूप?" खालांना कळेना. "चोरी कराया हाय काय घरात? एक मशीन, तीबी जुनी. आतून कडी हाय की."

वहिनी दोन्ही दारांतून आत-बाहेर जाऊन आली. कडी वर-खाली करून पाहिली. दारं बाहेर उघडत होती. मग तिने मुलीला खोलीच्या मधोमध उभं केलं. "डोळे मिट. अंधार हाय समज. अंगनात जा."

"आई, लोक बगायलेत."

"बगू दे. जा."

मुलगी पहिल्यांदा पलंगाला धडकली. खालांच्या नाती खिदळल्या. दुसऱ्यांदा दार सापडलं, पण उंबऱ्याला ठेच लागली. "पुन्ना," वहिनी म्हणाली. आवाजात दया नव्हती. तिसऱ्यांदा मुलगी भिंतीला हात लावत दारापर्यंत आली, कडी काढली, बोळातून पुढे सरकली आणि वाटेत ठेवलेल्या शिलाई मशीनवर तिचा गुडघा आपटला.

"आता गल्लीकडच्या दारानं," वहिनी म्हणाली.

खालांनी हातातला शर्ट खाली ठेवला आणि आत काम करणाऱ्या मुलाला मोठ्यानं हाक मारली, "अरे, ये मशीन उठा इधरसे. अब्बीच."