खांद्यावरचा हात

हिरामणभाऊ गेल्याची बातमी मला फोटोच्या मागणीबरोबरच मिळाली. सुरतेतल्या बमरोलीहून त्यांच्या मुलाचा, योगेशचा, फोन आला. "काका, पप्पा सकाळी गेले..." एवढं बोलून तो थांबला आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं विचारलं, "तुमच्याकडे त्यांचा एखादा चांगला फोटो आहे का? घरात एकही नीट सापडत नाहीये." मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. सुरतेतल्या कितीतरी गेलेल्या माणसांचे चेहरे ज्यानं नीटनेटके करून दिले, त्याच्याच घरी त्याचा फोटो नसावा! या गोष्टीला आता सहा आठवडे होऊन गेले, तरी तो फोन कानातून जात नाही.

नव्वदीच्या दशकाची शेवटची काही वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून काम केलं. वडिलांची बँकेची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून सुरतेत आलो होतो आणि मी कॉम्प्युटरचा क्लास करून नुकता कुठे हातपाय हलवायला लागलो होतो. उधन्याच्या रस्त्यावर एका साडीच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. शेठ हौशी. बाहेर पाटी मोठी, तिच्यावर 'डिजिटल' हा शब्द सगळ्यांत ठळक. त्या काळी डिजिटल म्हणजे लोकांना फक्त घड्याळ ठाऊक, त्यामुळे आठवड्यातून दोनतीन माणसं तरी जिना चढून घड्याळाचा सेल बदलून मागायची. हिरामणभाऊ त्यांना बसवून पाणी द्यायचे आणि गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवायचे, "साहेबांना विचारा, शिकलेले आहेत." आम्ही खरं तर गावातल्या केबल चॅनेलसाठी जाहिराती, बातम्यांच्या पट्ट्या आणि बेसण्याच्या सूचना तयार करायचो. कुणी गेलं की आप्तेष्ट भेटायला येऊन बसतात, ते बेसणं. त्याची वेळ आणि जागा, वर गेलेल्या माणसाचा फोटो, असं चित्र संध्याकाळी बातम्यांच्या आधी टीव्हीवर यायचं. ही चित्रं हिरामणभाऊ करायचे आणि ती पडद्यावर सोडायचं काम माझं.

माणूस मूळचा शिरपूरकडचा. वडील बमरोलीत लूमवर होते, यांनीही दोन वर्षं लूम चालवला. मग एका फोटो स्टुडिओत ब्रशनं फोटोंवरचे डाग पुसायला शिकले आणि तिथून आमच्याकडे आले. माऊस ते ब्रशासारखा धरायचे, तीन बोटांत, आणि काम चालू असताना श्वास रोखायचे. शेठशी गुजराती, घरी अहिराणी आणि माझ्याशी मराठी. त्या मराठीत बाकीच्या दोन्ही भाषा येऊन जाऊन असायच्या. माझी थट्टा करायची एकही संधी ते सोडत नसत. मी डबा उघडला की म्हणायचे, "जोशीभाऊ, ही भाजी आहे का औषध?" आणि त्यांच्या डब्यातला मिरचीचा ठेचा माझ्या पोळीवर येऊन पडायचा.

बेसण्यासाठी लोक जे फोटो आणायचे, त्यांत एकट्या माणसाचा फोटो क्वचितच असे. लग्नातला, सहलीतला, नाहीतर दुकानाच्या उद्घाटनाचा घोळका असायचा. त्यातून एक माणूस कापून काढायचा. पण तसा काढला की बहुतेक वेळा त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचातरी हात उरायचा. मग दुसऱ्या खांद्यावरचं कापड उचलून या खांद्यावर आणायचं, शर्टाच्या रेघा जुळवायच्या आणि हात पुसून टाकायचा. हे काम करताना हिरामणभाऊ स्वतःशीच पुटपुटायचे, "हाऊ हात कोना शे?" कुणाचा आहे हा हात... आणि नुसते पुटपुटून थांबत नसत, फोटो घेऊन आलेल्या माणसाला खरोखर विचारायचे. मामाचा, मित्राचा, धाकट्या बहिणीचा, असं उत्तर मिळाल्याशिवाय ते हात पुसत नसत. शिवाय प्रत्येक फोटोच्या दोन प्रती ठेवायचे, एक हातासह आणि एक हाताशिवाय. मी वैतागायचो. तेव्हा कॉम्प्युटरमध्ये जागा ती केवढी! मी म्हणायचो, "कशाला जपता हे हात?" ते म्हणायचे, "जोशीभाऊ, आपण पुसला म्हणून तो हात तिथे नव्हता असं होतं का?" मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटायचा.

आणि याच सवयीपायी ते झालं. नाही, त्यांच्या सवयीपायी नाही, माझ्या घाईपायी. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. एक दिवस एका कापड व्यापाऱ्याच्या मुलांनी वडिलांचा फोटो आणला, त्यांच्या मोठ्या भावाबरोबर काढलेला. भाऊ कधीच वेगळे झाले होते आणि दोन्ही घरांत बोलणंसुद्धा नव्हतं. मुलांनी तीनतीनदा बजावलं होतं की काकांचा मागमूस राहता कामा नये. हिरामणभाऊंनी दुपारीच दोन्ही प्रती करून ठेवल्या. दोन्हींच्या नावांत फक्त शेवटच्या आकड्याचा फरक होता. संध्याकाळी मी सासरच्या मंडळींकडे जाण्याच्या गडबडीत होतो. माझं लग्न ठरलं होतं आणि साखरपुड्याची खरेदी चालली होती. मी नाव नीट न वाचताच प्रत उघडली आणि पडद्यावर सोडली. खांद्यावर हात, बोटात ठसठशीत अंगठी, आणि संपूर्ण सुरत बघते आहे!

मोठ्या भावानं टीव्हीवर स्वतःचा हात ओळखला. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता बेसण्याला गेला, दारापाशी बसला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मुलं चवताळून आमच्या ऑफिसात आली. शेठनं त्यांची कशीबशी समजूत घालून त्यांना वाटेला लावलं आणि मग आम्हा दोघांना समोर उभं करून विचारलं, "कोणे कर्युं आ?" कुणी केलं हे... मला ठाऊक होतं, मी केलं होतं. मी मान खाली घातली. हिरामणभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मारी भूल छे, शेठ. हाथ काढवानो रही गयो." माझी चूक, हात काढायचा राहिला... त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. त्या वेळी योगेश पाळण्यात होता.

पुढे ते पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. ज्या बोटांना रेघेला रेघ जुळवायची सवय, ती बोटं पुढची सगळी वर्षं रंगात बुडालेली पाहिली मी. माझ्या लग्नाला आले, पंगतीत बसून जेवले, नंतरही दिवाळीला भेटत राहिले. त्या प्रसंगाचा एका शब्दानंही उल्लेख नाही. मी दर वेळी ठरवून जायचो की आज बोलायचं, आणि चहा पिऊन परत यायचो. भित्रा होतो, दुसरं काय!

योगेशला मी जो फोटो दिला, तो आमच्या ऑफिसातल्या दिवाळीच्या पूजेचा. हिरामणभाऊ हसताहेत आणि त्यांच्या खांद्यावर माझा हात आहे. योगेशनं तो मोबाइलवर घेतला आणि म्हणाला, "काका, हा हात काढून टाकू? एका मिनिटाचं काम आहे." मी म्हणालो, "काढ. तो तिथे असायच्या लायकीचा नाही." आणि मग सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे. पप्पांनी सांगितलं होतं एकदा. तुमचं लग्न ठरलं होतं ना तेव्हा... म्हणाले, त्याचं नाव निघालं असतं तर मुलीकडच्यांनी काय म्हटलं असतं?" 

तेराव्याला बमरोलीला गेलो. खोलीत चटया अंथरल्या होत्या, वहिनी आणि बाकीच्या बायका एका बाजूला बसल्या होत्या आणि भिंतीवर तो फोटो लावला होता. योगेशनं हात काढला नव्हता. हाराखालून माझी चार बोटं दिसत होती. गावाकडून आलेल्या एका म्हाताऱ्या आत्याबाई डोळे बारीक करून बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वहिनींना विचारलं, "हाऊ हात कोना शे वं?"

वहिनींनी उत्तर द्यायच्या आत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा."