शेवटचं नाव

परदेशी विद्यापीठाचं पत्र मुलीनं माझ्यापुढे धरलं. ‘प्रिय मिस श्रीपाद’ अशी सुरुवात. श्रीपाद मी, तिचा बाप. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वडिलांचं नाव शेवटी. फॉर्मनं ‘शेवटचं नाव’, म्हणजे आडनाव, विचारलं; तिनं भाबडेपणानं माझं भरलं. कागदपत्रांशी नाव जुळेना, म्हणून अर्ज बाद.

“बाबा, तुमचं नाव माझा पिच्छा सोडणार आहे का कधी?” आवाज चढला नव्हता तिचा.

मुलांना नाव दिलं म्हणतो आपण. खरं तर दावं बांधतो, आणि त्यांना किती लांब जाऊ द्यायचं हेही आपणच ठरवतो.

अर्ज पाठवण्याआधी तिनं मला तपासायला दिला होता. चूक मला दिसली होती. त्या रकान्यात माझं नाव एकटंच शोभत होतं. मी म्हटलं, “बरोबर आहे सगळं. पाठव.”