नितीनला शंभर टक्के खात्री हवी

आमच्या अमरावतीच्या रक्तदान ग्रुपमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. नितीनसोबत एक संध्याकाळ काढली की नवा मिळतो. अपराधी वाटून घेण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलंय, उपचारही चालू आहेत. किस्से तो स्वतःच हसत सांगतो, म्हणून मीही सांगते.

*

बडनेरा रोडवर त्याची गाडी खड्ड्यात आदळली. कोणाला धडक तर बसली नाही? तो मागे फिरला आणि वाकून रस्ता पाहू लागला. पानठेल्यावरचे काका आले.

"काय शोधून राहिला बाबू?"

"काका, इथं कोणी पडलं होतं काय?"

"नाही."

"नक्की?"

काकांचा चेहरा उतरला. तेही नालीत वाकून पाहू लागले.

*

डॉक्टरांनी बजावलं, मागे फिरून पाहायचं नाही. नितीनने तंतोतंत पाळलं. त्याच संध्याकाळी मला फोन. "तू तिकडूनच येऊन राहिली ना? जरा खड्ड्यात पाहून ये."

*

एकदा दोन पेशंटना त्याच्याच गटाचं रक्त हवं होतं.

"एकाले दिलं तर दुसऱ्यावर अन्याय होते," नितीन म्हणाला.

"तुझ्या न्यायापायी दोघंही जातील!" मी ओरडले, दुसरा डोनर पकडून आणला आणि नितीनला कॉटवर झोपवलं.

सुई टोचल्यावर तो सिस्टरला हळूच म्हणाला, "रक्त देताना माझ्या मनात थोडा मोठेपणा आला. चालेल ना?"

"हिमोग्लोबिन चांगलं आहे," सिस्टर म्हणाल्या. "मूठ दाबा."

*

लग्नासाठी मुलगी पाहायला गेला की हा शाळेत चोरलेल्या खोडरबरापासून सगळे गुन्हे कबूल करायचा. दोन स्थळं अशीच गेली. तिसरी अकोल्याची रूपाली. ती मात्र त्याला फोटो पाहून, फोनवर बोलून मनापासून आवडली होती.

अकोल्याला जाताना मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्याला समजावत होते, "आज खोडरबर नको."

"पण लपवणं म्हणजे फसवणंच ना?"

पंचाईत ही, की माझंही मत तेच होतं.

*

पोहे झाले. दोघांना बोलायला बाहेरच्या खोलीत बसवलं, सोबतीला मी. नितीनने आजार सांगितला, उपचार सांगितले, खोडरबरही सांगितलं. मी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "पण तुम्हाला सुखात ठेवीन, याची शंभर टक्के खात्री नाही देऊ शकत."

"मीही नाही देऊ शकत," रूपाली म्हणाली.

"मग हो म्हणणं योग्य आहे का?"

"माहीत नाही. मी तर म्हणून राहिली."

नितीन खुर्चीत पुढे सरकला. "माझं वाईट वाटून तर नाही ना म्हणत?"

रूपालीने स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "आई, पेढे काढ. यांना थोडा वेळ लागेल."