दहावी जुडी

ओल्या मेथीचा वास आला की मला वाशीमजवळचा आमचा मळा आठवतो. साहेबाचं राज्य होतं, मी इंग्रजी पहिलीत होतो आणि मास्तर रोज दहा शब्द अर्थासकट पाठ करायला देत. संध्याकाळी विहिरीच्या कडेला बसून मी ते मोठ्याने म्हणे, पॉटर म्हणजे मडकी घडवणारा, आणि शेजारी आई उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधे, एका शब्दाला एक. वडील जाऊन चारच महिने झाले होते. एके दिवशी दहावा शब्द आला विडो, नवरा वारलेली बाई, आणि मी तो गाळला. आईला अक्षर येत नव्हतं, पण जुड्या नऊच भरल्या. "एक शबद काहून सोडला?" तिने विचारलं. मी शब्द सांगितला, आणि अर्थ ठोकून दिला, "मळा राखनारी बाई." तो शब्द तोंडात घोळवत तिने दहावी जुडी बांधली. दुसऱ्या दिवशी बाजारात कचेरीतल्या कारकुनाला मेथी देताना ती हौसेने म्हणाली, "माहं पोरगं इंग्रजी शिकून राह्यलं, बाबूजी. मी विडो हाओ म्हने." त्याने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "किती दिवस झाले, बाई?" आई उरलेल्या जुड्या तशाच घेऊन घरी आली. संध्याकाळी जुड्या बांधायला बसली तेव्हा एवढंच म्हणाली, "आता सारे शबद म्हन, बाप्पा. सोडू नोको." आज म्हातारपणीही तो शब्द कुठे दिसला की मला आधी माझाच खोटा अर्थ आठवतो, कारण पुढची वीस वर्षं तिने एकटीने मळाच राखला.