खरवस न खाल्लेला माणूस

तालुक्यात मला कुणी डॉक्टर म्हणत नाही. 'कुत्र्यांच्या मॅडम' म्हणतात. पशुवैद्यकाची पदवी घेतली, नांदेडचं घर सोडून लातूर जिल्ह्यात देवणीच्या बाजूला नोकरीवर आले, आणि साहेबांनी पहिल्याच बैठकीत रेबीज प्रतिबंधाचा कार्यक्रम माझ्या गळ्यात मारला. मोकाट कुत्री धरायची, लस टोचायची, नसबंदी करून जिथली तिथं सोडायची, आणि कुणाला कुत्रं चावलं की तो माणूस दवाखान्यात जाईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. हाताशी काय, तर जाळीची एक गाडी, एक ड्रायव्हर, कुत्री धरणारी दोघं, आणि लस कधी आहे कधी नाही. कुत्री धरायला गेलं की अर्धं गाव म्हणतं मुक्या जिवाला का छळता, आणि नाही गेलं की उरलेलं अर्धं म्हणतं पगार कशाचा घेता. मी काही ऐकून घेणारी बाई नाही. दोन्ही अर्ध्यांना सुनावते.

ते गाव कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिथं एका घरची देवणी जातीची गाय व्यायली होती. चीक विकायचा नसतो, वाटायचा असतो, ही तिकडची रीत. घरच्या बाईनं खरवस केला आणि गल्लीत घरोघरी पोचवला, उरलेला देवळापुढं लेकरांना वाटला. त्याच आठवड्यात गाय बिघडली. तोंडातून लाळेच्या तारा, चारा तोंडात घेई पण गिळेना, आणि घसा बसल्यासारखी दिवसभर हंबरत राही. घशात आंब्याची कोय अडकली असंल, असं सगळ्यांनी ठरवलं. गाय मेली, शेतात पुरली, विषय संपला. माझ्यापर्यंत काही आलंच नाही.

बऱ्याच दिवसांनी शेजारच्या गोठ्यातला बैल हुबेहूब तसाच मेला. या वेळी कुणीतरी दवाखान्यात कळवलं. आम्ही नमुना तपासायला पाठवला आणि तो रेबीजचा निघाला. मग गावाला आठवलं, चार-दोन महिन्यांपूर्वी एक पिसाळलेलं कुत्रं त्या गल्लीतून गेलं होतं. बैलाला चावलं, तसं गाईलाही चावलं असणार. म्हणजे गाय पिसाळूनच मेली. आणि आपण तिचा खरवस खाल्ला!

मी पोचले तेव्हा देवळाचा भोंगा ओरडत होता, 'ज्यांनी ज्यांनी खरवस खाल्ला त्यांनी शाळेत या हो.' शाळेच्या पटांगणात जत्रा. बाया रडून राहिलेल्या, लेकरं कडेवर, आणि मध्ये आरोग्य केंद्राचा तरणा डॉक्टर, घामानं भिजलेला, पुढ्यात लशीचा एकच डबा. मी मास्तरांच्या टेबलावर चढले आणि घसा फाडून सांगितलं, अहो, शिजवलेल्या खरवसानं, तापवलेल्या दुधानं रेबीज होत नाही. लाळेनं होतो. चावल्यानं, जखमेला लाळ लागल्यानं होतो.

'तुमच्या लेकराला दिला असता का असला खरवस?' एका बाईनं विचारलं.

'दिला असता,' मी म्हणाले.

'हाव, दिला असता! बोलायला काय जातंय मॅडमचं?'

पुढं कुणी ऐकलं नाही. डॉक्टरची कॉलर धरायची वेळ आली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली, आणि त्यानं टोचायला सुरुवात केली. ज्यांना गरज नव्हती त्या दंडांत एकेक करून सगळा डबा रिकामा झाला. मी पायरीवर बसून राहिले. संताप होता, पण काढणार कुणावर? माणसं भ्यालेली होती.

तिथं एक मामा पाणी वाटत फिरत होते. डोक्याला रुमाल, अंगानं काटकुळे, आणि तोंड सारखं चालू. लायनीतल्या एकेकाची टिंगल चाललेली. 'काय रे, दोन वाट्या खाल्ल्या होत्यास ना? मग दोन सुया घे!' माझ्यापुढं येऊन तांब्या धरला. 'घ्या मॅडम. मला काय फिकीर न्हाई. मला शुगर हाय. गल्लीत सगळ्यांनी खाल्ला, मी एकट्यानं हात लावला न्हाई. शुगरनं वाचवलं बघा मला!'

मला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच. मग दिसलं की तांब्या डाव्या हातात आहे आणि उजवा हात ते मांडीवर घासून राहिलेत.

'हाताला काय झालं मामा?'

'काय न्हाई. दात लागला होता.'

'कुणाचा?'

'गाईचाच की. घशात कोय अडकली म्हणून मला बोलावलं. गावात कुठल्या जनावराच्या घशात काय अडकलं की मलाच बोलावतेत. माझा हात बारीक हाय ना, कोपरापर्यंत जातो.' मोठ्या अभिमानानं त्यांनी हात पुढं केला. तीन बोटांच्या पेरांवर भरलेल्या जखमांचे पांढरट वण होते. 'हळद दाबली, बसली. कोय काय सापडली न्हाई.'

मी पायरीवरून उठले. भोंग्यानं खरवस खाणाऱ्यांना बोलावलं होतं. खरवस न खाणारा हा माणूस सगळ्या गावाला पाणी पाजून राहिला होता.

'आणि आता हात का घासताय?'

'मुंग्या येतेत. खाज बी सुटते. शुगरवाल्याला येतेतच म्हणे.'

हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. रेबीज मेंदूकडं निघाला की बहुतेक वेळा पहिल्यांदा चावलेल्या जागीच मुंग्या येतात, खाज सुटते. आणि एकदा तसं सुरू झालं की लस, सीरम, कशाचाच उपयोग होत नाही. माणूस हिंडतो, बोलतो, थट्टा करतो, आणि गेलेला असतो. पण शुगरच्याही मुंग्या असतात. त्या बहुतेक दोन्ही तळपायांपासून सुरू होतात.

'मामा, पायाला येतात का मुंग्या?'

'न्हाई. ह्या एकाच हाताला.'

'नीट आठवा. तळव्याला? बोटांना?'

'न्हाई ओ मॅडम.'

डब्यात एक कुपी शिल्लक नव्हती. डॉक्टरनं मला डबा उलटा करून दाखवला, जसा काही मी त्याच्यावर खोटारडेपणाचा आळ घेतला होता. मी त्याला नको ते बोलले, मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. अॅम्ब्युलन्सची वाट बघायला मला धीर नव्हता. मामांच्या लेकाला मागं जाळीपाशी बसवलं, मामांना पुढं माझ्याशेजारी, आणि आमची कुत्र्यांची गाडी निघाली.

'अख्खं गाव म्हणंल म्हाताऱ्याला कुत्र्याच्या गाडीत नेलं,' मामा म्हणाले. त्यांना मजा वाटत होती.

वाटेतल्या एका दवाखान्यात लशीचा पहिला डोस मिळाला, सीरम नव्हतं. जखमेभोवती टोचायचं ते सीरम, जे पहिल्याच दिवशी मिळायला हवं होतं, तेच नव्हतं. मी तिथल्या खिडकीवर हात आपटून भांडले. खिडकीमागचा माणूस म्हणाला, बाई, नसलेलं कुठून आणू? खरं होतं त्याचं. मग नांदेडला ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आहे, घेऊन ये. काय उपयोग होईल हे त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अहमदपूर मागं पडलं. मी ड्रायव्हरला सारखी म्हणत होते, दाब जरा, दाब. तो बिचारा दाबतच होता. आणि दर थोड्या वेळानं मी मामांना तेच विचारत होते. पायाला काही वाटतं का? चप्पल काढून बघा बरं. बधिर वाटतं का? रात्री तळवे जळजळतात का? शिकलेली बाई मी, प्रशिक्षणात दुसऱ्यांना हे शिकवणारी, आणि एका म्हाताऱ्याच्या तळपायांत मुंग्या याव्यात म्हणून देवाला हात जोडून बसले होते. मी कधी देवळात जात नाही.

लोह्याला चहाला थांबलो. मामांनी बिनसाखरेचा चहा मागितला, त्याआधी ग्लासभर पाणी घेतलं. रेबीज झालेल्याला पाणी गिळवत नाही, म्हणून मी त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले. घटाघटा प्याले.

'काय बघून राहिल्या मॅडम? पाणी पिताना माणूस बघितला न्हाई का कधी?'

'मामा, पायाला...'

त्यांनी ग्लास खाली ठेवला. माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग चपलेतून पाय काढला, अंगठा दाबून पाहिला, दुसरा दाबून पाहिला. म्हणाले, 'येतेत की ओ. आता तुम्ही म्हणल्यावर ध्यानात आलं. दोन्ही पायाला येतेत. लई दिवसांपासून.'

माय! मला काय वाटलं ते लिहून सांगता येत नाही. त्या टपरीवर मी भजी मागवली, ड्रायव्हरला दिली, लेकाला दिली, स्वतः खाल्ली. लोह्यापासून नांदेडपर्यंत मी बडबडत होते. शुगर कशी सांभाळायची, पथ्य काय, चालायचं किती. मामा हाव, हाव म्हणत ऐकत होते.

डॉक्टरीणबाईंना गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं, पायालाही येतात, दोन्ही. त्यांनी तपासलं, जखमांच्या वणांभोवती सीरम टोचलं, पुढच्या डोसांच्या तारखा दिल्या. 'असेल शुगरचं,' म्हणाल्या. 'आपण आशा करू.' मी तेवढंच उचललं आणि परत आले.

पुढचे काही दिवस बरे गेले. मी रोज सकाळी मामांना फोन करायचे आणि पाणी प्यायला लावायचे, फोन कानाला धरून, मला घोट ऐकू येईल असं. ते हसायचे. मोठ्यानं घोट घ्यायचे. मग एका सकाळी फोन लेकानं उचलला. म्हणाला, बाबा रात्रीपासून पंखा लावू देईनात. वारा लागला की गळा आवळल्यासारखं होतंय.

वारासुद्धा सोसत नाही म्हणजे रेबीज, हे माझ्यापेक्षा चांगलं कुणाला कळणार होतं?

नांदेडला त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. खिडक्यांना चादरी लावलेल्या, पंखा बंद. झटका आला की सगळं अंग ताठ व्हायचं, डोळे भीतीनं फाटायचे. तो गेला की पुन्हा शुद्धीवर, अगदी शाळेच्या पटांगणात होते तसे. त्यातच सगळा हलकटपणा आहे या रोगाचा. मी दारापाशी उभी होते. जवळ जायची हिंमत गोळा केली आणि खुर्ची ओढून बसले.

'गावातल्यांचे पुढचे डोस झाले का?' मामांनी विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

'चाललेत, मामा.'

'खरवस खाणारांचे.' ते हसायला गेले, जमलं नाही. मग म्हणाले, 'मॅडम, पायाचं मी उगंच म्हणलो होतो.'

'कशाचं?'

'पायाला काय होत नव्हतं. तुम्ही सारख्या विचारून राहिल्या. तुमचं तोंड बघवंना मला. म्हणलं, हाव म्हणल्यानं पोरीला बरं वाटत असंल तर वाटू दे.'

'मला तेव्हाच कळलं होतं, मामा,' मी म्हणाले.

कळलं नव्हतं. त्या टपरीपासून त्या सकाळच्या फोनपर्यंत मी त्यांच्या दोन पायांवर विश्वास ठेवून बसले होते.