प्लास्टरकाका पडायला जातात

हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताची छोटी खोली प्लास्टरकाकांची. एक उंच टेबल, कोमट पाण्याची बादली, कापसाच्या गुंडाळ्या आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कुबड्या. हाड कुठे मोडलंय ते डॉक्टर बघतात, जागेवर बसवतात, आणि मग रोग्याला काकांच्या स्वाधीन करतात. पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकेच पिळायची आणि गुंडाळत न्यायची. काकांचं प्लास्टर कधी सैल झालं नाही की कुणाला रुतलं नाही. रडत आलेली पोरं प्लास्टरवर मिशा काढून घेऊन हसत बाहेर पडतात. प्लास्टर कापायच्या यंत्राची घरघर ऐकून एखादं पोर टाहो फोडायला लागलं, की काका ते यंत्र आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवतात.

"बघ. हे फक्त प्लास्टर खातं. माणूस याला आवडत नाही."

असा हा गोड माणूस. खोड एकच. सारा जन्म मोडलेली माणसं बघण्यात गेल्यामुळे धडधाकट माणूस म्हणजे अजून न मोडलेला माणूस, असं त्यांचं मत झालं होतं. कुणाच्या घरी गेले तर आधी पायपुसणं सरकतं का ते बुटाच्या टोकाने बघायचे आणि मगच "कसे आहात?" विचारायचे. स्वतःच्या घरात त्यांनी स्टूल ठेवलंच नव्हतं. माळ्यावरचा डबा काढायचा झाला तर शेजारच्या उंच वकिलांना हाक मारावी लागे. वकील बिचारे काळ्या कोटात येऊन चकल्यांचा साचा काढून देत.

आणि अशा घरात जन्माला आली भिंगरी.

भिंगरी म्हणजे काकांची नात, वय वर्षं सहा. तिचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेलाच माहीत. ही मुलगी चालत अशी कधी कुठे गेलीच नाही. सोफ्याच्या हातावरून पलंगावर, पलंगावरून दाराच्या कडीला, आणि कडीवरून थेट आजीच्या मांडीत. तिच्या मागोमाग घरभर काकांचा एकच शब्द फिरत असे, "पडशील!"

एकदा रात्रीच्या जेवणात सुनेने विषय काढला. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे कडू गोष्ट कधी द्यायची ते तिला कळतं. सासऱ्यांच्या तोंडात घास गेल्यावर ती म्हणाली, "आबा, भिंगरीला जिम्नॅस्टिक्सला घालावं म्हणते. सायकलच्या दुकानावर हॉल आहे ना, तिथे. आठवड्यातून तीन दिवस, पाच वाजता."

काकांनी घास न चावताच गिळला. "कशाला?"

"नाहीतरी दिवसभर उड्याच मारते. निदान कुणाच्या तरी नजरेखाली मारेल."

"अगं, सहा वर्षांचं पोर ते! हाडं अजून कोवळी काकडी. तिथे दांडीला लोंबकळवतात, दंड काढायला लावतात. ताकदीचे व्यायाम या वयात केले की उंची खुंटते."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मला लहानपणी माझ्या आईने झाडावर चढू दिलं नाही," आजी ताटातून मान वर न करता म्हणाली. "माझी कुठे वाढली उंची?"

"तुझी तर आधीपासूनच…" काका म्हणाले आणि शहाण्या नवऱ्यासारखे थांबले.

पण नाही ते नाहीच. आणि काकांच्या नाहीला घरात वजन होतं, कारण मुलगा ट्रकबरोबर गावोगाव, सून आठपर्यंत दुकानात आणि आजीचे गुडघे पहिल्या जिन्यालाच रामराम करणारे. संध्याकाळी पोरीला घेऊन दोन मजले चढू शकेल असं घरात एकच माणूस होतं. काका चारला दवाखान्यातून सुटत.

भिंगरी रडली नाही. तिने शांतपणे हिशेब मांडला. "आबा, तुम्ही नेलं तरच मला जाता येईल ना?"

"हो."

"म्हणजे तुम्हीच नाही म्हणताय."

यावर काकांना भाजी एकदम तिखट लागली.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचा शब्द सुनेच्या तोंडावर टाकला की विषय संपेल, असा बेत होता. "डॉक्टर, लहान मुलांनी ताकदीचे व्यायाम केले की उंची खुंटते ना?"

"नाही हो. जुना समज आहे तो." डॉक्टर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "हाडावर थोडा भार पडला तर ते पक्कंच होतं. मोठ्यांची वजनं उचलायला लावू नयेत, चढाओढ नको, दुखलं की थांबायचं, आणि शिकवणाऱ्याचं लक्ष हवं. बाकी त्या वयात आपलंच अंग पेलणं, लटकणं, उड्या मारणं, चांगलंच आहे की."

"पण आपल्याकडे येतात ती पोरं?"

"काका, शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं. पण आपल्या दोघांच्या पानात येतात ती शितं सगळी करपलेली. चांगला शिजलेला भात आपल्या दवाखान्यात कशाला येईल?" बिस्कीट तेवढ्यात तुटून कपात पडलं. डॉक्टरांनी हळहळून त्याच्याकडे पाहिलं. "असं करा, एकदा जाऊन बघा. शिकवणारी बेफिकीर वाटली तर तुमच्या सुनेला मी स्वतः फोन करतो."

काकांना तेवढं पुरे होतं. बेफिकिरी शोधायची होती ना? त्यांच्याइतकी ती कुणाला सापडणार!

म्हणून एका संध्याकाळी भिंगरीचं बोट धरून काका हॉलवर गेले. जाताना जिन्याचा कठडा हलवून पाहिला. हलला नाही. हॉलमध्ये गाद्या होत्या, त्यांच्या फटीत बूट घालून पाहिला. फटच नव्हती. शिकवणाऱ्या ताई बुटक्या आणि गोल होत्या, गळ्यात शिट्टी. त्यांच्यासमोर पोरं अस्वलासारखी हातापायांवर चालत होती, भिंतीला हात टेकून दंड काढत होती. एक मुलगी दांडीला लटकली होती आणि ताईंचा तळवा तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर तयार होता.

"वजनं कुठे ठेवलीत?" काकांनी पोलिसासारखं विचारलं.

"इथे शाळेच्या दप्तराहून जड काहीच नाही काका. ती दप्तरंही मी दाराबाहेर ठेवायला लावते."

काका हिरमुसून बाकावर बसले. समोर जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर एक लाकडी फळी आडवी लावली होती. तिच्यावरून एक जाडसर मुलगा दोन्ही हात पसरून चालला होता. मध्यावर तो जरा डुलला. थांबला. सावरला.

"अरे पडशील!" काका ओरडले.

मुलाने दचकून वळून पाहिलं आणि तो पडला. गादीवरच पडला, पण पडताना त्याचा एक हात मागे गेला, ताठ, तळवा खाली. काका बाकावरून कधी उठले आणि त्याचं मनगट कधी चाचपलं, त्यांचं त्यांना कळलं नाही. "इथे दुखतं? इथे? बोटं हलव बरं." काही झालं नव्हतं. मुलगा रडला नाही, पण काकांकडे बघण्याची त्याची नजर काही बरी नव्हती.

"तो पडत नव्हता काका," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "त्याने तोल सावरला होता. तुम्ही पाडलंत."

तो मागे गेलेला ताठ हात त्यांच्या फार ओळखीचा होता. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या मनगटांची गोष्ट त्या हातापासूनच सुरू होत असे.

"आमच्याकडे पहिला महिना फक्त पडायला शिकवतो," ताई पुढे म्हणाल्या. "आणि जो मुलाला घेऊन येतो, त्यालाही शिकवतो. घरी सोफ्यापाशी मी नसते, तुम्ही असता. तुमची तयारी असेल तर नातीला घेते."

"मी? या वयात पडू?"

"गुडघ्यांवर बसून, मऊ गादीवर. झेपत नसेल तर घरातलं दुसरं कुणी येऊ दे."

दुसरं कुणी नव्हतंच. काकांना एकदम हलकं वाटलं. आता आपण नाही म्हणायची गरजच नाही, नियमच आडवा आला! नियमावर कोण रागावणार? त्यांनी ताईंना नमस्कार केला, भिंगरीचं बोट धरलं आणि जिना उतरून रस्त्याला लागले.

सायकलच्या दुकानासमोर भिंगरी म्हणाली, "आबा, तुम्हाला पडायची भीती वाटते?"

"भीती नाही गं. पडल्यावर काय होतं ते मला माहीत आहे, एवढंच."

"मला पण माहितीये. मी रोज पडते."

काका थांबले. "रोज? कुठे?"

"शाळेच्या पायरीवर. घरी पण. पलंगावरून. तुम्ही दवाखान्यात असता तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही ओरडता ना."

दुकानातला माणूस एका चाकात हवा भरत होता. काका ते चाक फुगेपर्यंत तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "पडताना हात कुठे असतो तुझा?"

भिंगरीने तिथेच रस्त्यावर करून दाखवलं. हात मागे, कोपर ताठ, तळवा खाली.

काका वळले.

"आबा, घर तिकडे!"

"माहीत आहे मला घर कुठे ते. चल."

ताईंनी काही विचारलं नाही. दोघांना गादीवर गुडघ्यांवर बसवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी, आणि खांद्यावरून लोळून जायचं. काकांना हे सगळं कळत होतं. हाडं कुठून, कशी आणि का मोडतात यावर ते ताईंना तासभर ऐकवू शकले असते. त्यांनी स्वतःला मिठी मारली, डोळे मिटले आणि अंग झोकलं. त्याच क्षणी त्यांचा उजवा हात मिठीतून निसटून मागे गेला. ताठ. तळवा खाली.

"हात, काका," ताई म्हणाल्या.

"कळलं."

दुसऱ्यांदा हात राहिला, पण मान वर आली.

"नाक खाली. पडलो तरी नाक वर, हे इथे चालत नाही."

गादीभोवती जमलेली पोरं खिदळली. मघाचा जाडसर मुलगा तर पोट धरून हसत होता. काकाही हसले, कारण हसता हसता धाप लपते.

भिंगरी तिसऱ्या खेपेला गोल लोळून उठली. केस विस्कटलेले, हात छातीशी. ताईंनी तिला पुन्हा दोनदा करायला लावलं आणि मग पाठीवर थाप मारली. "ये गं पुढच्या तासापासून. काका, तुम्हीही. तुमचं अजून बरंच बाकी आहे."

"आत्ताच एकदा करून बघतो," काका म्हणाले आणि गादीकडे सरकले.

"ओ आजोबा," मागून आवाज आला. जाडसर मुलगा कमरेवर हात ठेवून उभा होता. "रांग आहे इथे."

काकांनी मागे पाहिलं. खरंच होती. ते निमूटपणे शेवटी जाऊन उभे राहिले, बुटक्या पोरांच्या मागे एकटेच उंच, दोन्ही हातांनी स्वतःला घट्ट मिठी मारून.