न काढलेलं फूल

आमच्या घाटकोपरच्या घराच्या ग्रिलमध्ये आईची लाल जास्वंद होती. आई रोज आंघोळ करून सगळी फुलं काढायची आणि गणपतीला वाहायची. मी चिडायचे. "एक तरी राहू दे ना गं झाडावर!" तिचं उत्तर ठरलेलं, "संध्याकाळी मिटणारच ना ते? मग देवाला गेलेलं काय वाईट?" या विषयावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो आणि दोघींपैकी कुणीच हार मानली नाही.

मग ती हॉस्पिटलात गेली, ती दीड महिना तिथेच राहिली. मी ऑफिसातून तिच्याकडे, घरी फक्त आंघोळीपुरती. झाडाला कसंबसं पाणी घालायचे, तेवढंच. पूजा कसली नि फुलं कसली! ती मात्र रोज विचारायची, "फुलं काढतेस ना?"

"हो गं, रोज," मी म्हणायचे.

ती गेली. सुतकात पूजा बंदच होती. तेराव्यानंतर फुलं काढायला गेले, तर फांदीवर एक बोंड दिसलं, वाळून तडकलेलं. या झाडाला बी धरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. धरणार कसं? आईने एकही फूल झाडावर राहू दिलं नव्हतं. हे माझ्या खोटेपणाचं बी होतं. मी ग्रिल धरून रडले.

बिया कागदात बांधून ठेवल्या. पुढे बिल्डिंगची दुरुस्ती निघाली आणि परांची बांधताना आईची कुंडी खाली पडली. मी ऑफिसातून येईपर्यंत झाड कचऱ्याच्या गाडीतून गेलंसुद्धा होतं.

श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून त्यात सहा बिया पेरल्या. एकच उगवली. पांढरी कीड पुसत पुसत ते रोप दोन वर्षं सांभाळलं. पहिली कळी फुलायच्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. फूल उमललं ते फिकट केशरी. शेजारच्या काकूंच्या पिवळ्या जास्वंदीचा पराग लागला असणार. नर्सरीवाला म्हणाला, "बी कशाला पेरलंत ताई? फांदी लावायची ना, तेच फूल आलं असतं." आता फांदी कुठून आणू? आईचा तो लाल रंग कायमचा गेला.

फूल झाडावर राहू द्यावं ही माझीच जुनी हौस, आणि आता अडवणारं कुणी नव्हतं. तरी मी ते काढलं आणि गणपतीला वाहिलं. तेव्हापासून एकही फूल झाडावर ठेवलेलं नाही. "हो गं, रोज" हे आता खरं आहे. विचारायला ती नाही.